घरच्यांना कारखाना दाखवा

कर्मचाऱ्यांचं मनोबल आणि कंपनीची प्रतिमा सुधारायला एका लेखात शुक्रवारचा पिझ्झा आणि त्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणं असे उपाय सुचवलेत. माझा विरोध नाही, पण त्याचा परिणाम सोमवारपर्यंतही टिकत नाही.

मी पुण्याजवळच्या भोसरीत २१ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापून घडवायच्या यंत्रावर, काम केलं. एका वर्षी कंपनीने आमच्या घरच्यांना कारखान्यात बोलावलं. आठवीतल्या माझ्या मुलीने मी लेथवर घडवलेला शाफ्ट (यंत्रातला गोल दांडा) हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हा एवढा गुळगुळीत तुम्ही केलात?" मग बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर कसा धरायचा तेही तिने शिकून घेतलं. त्या दिवशी ऊर भरून आला. पुढे कितीतरी दिवस ती शाळेत, शेजारीपाजारी आमच्या कंपनीबद्दल सांगत होती. जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी असं मनापासून बोलणारं माणूस मिळत नाही.

आपल्याकडे ही दृष्टी जुनीच आहे. किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या या पत्रातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतलं नावाजलेलं मासिक घडलं. नांगर बनवणाऱ्यांचं नाव साहित्य वाचणाऱ्या घरांत पोचलं ते असं.

आणि सूचनापेटी लावणार असाल तर कृपया ती दर आठवड्याला उघडा. आमची दीड वर्ष कुलूपबंद होती. शेवटी लोकांनी चिठ्ठ्या टाकणंच सोडून दिलं.