‘सभेत ठराव केला की कुत्रा बाहेर’: फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती?

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतो आहे आणि आता तो सभेत कायदा म्हणून वाचूनही दाखवला जातो. त्यातले दावे असे: बहुमताने ठराव करून इमारतीत कुत्रा पाळायला बंदी घालता येते, कुत्र्याला लिफ्टमध्ये नेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने भटकी कुत्री उचलायला सांगितली आहेत, तेव्हा आवारातली कुत्री घालवून द्या, आणि लस दिलेला पाळीव कुत्रा चावला तर इंजेक्शनाची गरज नाही, शेजाऱ्यांनी आपसात मिटवावं.

शेवटचा दावा जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा पाळीव कुत्र्याचा असो वा रस्त्यावरच्या, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. कुत्र्याचं लसीकरण कार्ड डॉक्टरांना जरूर दाखवा, कुत्र्यावर १० दिवस लक्षही ठेवा, पण इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, शेजारी नव्हे. चावा म्हणजे केवळ दोन घरांमधली बाबही नाही. जनावर आवरण्यात निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संबंध बिघडतील म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तक्रारीच्या धास्तीने कार्ड लपवणाऱ्या मालकांनी तर नक्कीच.

आता ठरावाचं. पार्किंग, पाण्याच्या वेळा, गच्चीचा वापर हे सभेने ठरवावं. कुणी घरात कुत्रा पाळावा की नाही, हे त्यात बसत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमत असलं तरी अशी बंदी घालता येत नाही. ‘त्या नुसत्या सूचना आहेत, कायदा नव्हे,’ हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालणाऱ्या निवासी संघटनांच्या अटी बेकायदा ठरवल्या. लिफ्टबंदीलाही याच सूचनांमध्ये नकार आहे.

म्हणून मालक मोकळे सुटले असं मुळीच नाही. सामायिक जागेत पट्टा हवाच, घाण आपणच उचलायला हवी, महापालिकेचा परवाना आणि लसीकरण वेळेवर हवं. लिफ्टमध्ये घाबरणारं मूल किंवा आजी असतील तर पुढची फेरी घ्यावी. ‘आमचा काही करत नाही हो’ हे घाबरलेल्या माणसाला दिलेलं उत्तर होत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ सुप्रीम कोर्टाच्या नावावर आहे. भटकी कुत्री उचलण्याचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरता होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पकडली त्याच भागात सोडायची, रेबीजग्रस्त, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत, आणि रस्त्यात कुठेही खायला न घालता त्यासाठी जागा नेमून द्यायच्या. ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवण्याचा आदेश आला. त्या यादीत गृहनिर्माण सोसायट्या नाहीत. आणि कुत्री उचलण्याचं काम महापालिकेचं, वॉचमनचं नव्हे. रात्री गोणीत घालून दुसऱ्या वॉर्डात सोडलेल्या कुत्र्यांची जागा नवी, नसबंदी न झालेली कुत्री घेतात, म्हणजे भुंकणं आणि भांडणं पुन्हा पहिल्यापासून. विष घालणं किंवा जनावर अपंग करणं हा तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

खायला घालण्यावरून वाद असेल तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला नियम २० वाचा. मुलांच्या खेळाची जागा, जिने आणि प्रवेशद्वार टाळून जागा आणि वेळ ठरवायची जबाबदारी त्याने सोसायटीवरच टाकली आहे. एकमत झालं नाही तर समिती नेमण्याची तरतूदही तिथेच आहे. त्या समितीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि सोसायटीचा प्रतिनिधीही असतो.

आवारातला एखादा कुत्रा खरंच अंगावर येत असेल, तर मेसेज पुढे ढकलून काही होणार नाही. तारीख, वेळ, जागा, कुत्र्याचा फोटो आणि चावा झाला असल्यास दवाखान्याचा कागद जोडून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी अर्ज द्या, त्यात ‘आक्रमक’ हा शब्द स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.