140 कोटींत देश कोट्यधीश होत नाही

‘देशाची लोकसंख्या 140 कोटी. प्रत्येकाला 1 कोटी दिले तरी सरकारला फक्त 140 कोटी लागतील. एका पुलालाच याच्या कितीतरी पट पैसा जातो. नसतील तर नोटा छापा, पण गरिबी हटवा!’ आकडे बदलत हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच हिशेब नीट मांडतो.

‘फक्त 140 कोटी लागतील.’ नाही. 140 कोटी रुपये 140 कोटी माणसांत वाटले, तर दरडोई येतो 1 रुपया. चूक कुठे होते ते केळ्यांवर बघा. 3 डझन मुलांना प्रत्येकी 1 डझन केळी द्यायची, तर 3 डझन पुरतील का? 36 डझन लागतील. डझन मुलांनाही लागलं आहे आणि केळ्यांनाही, त्यातलं एक गाळून कसं चालेल? इथेही कोटी दोनदा आहे. खरी रक्कम 140 कोटी कोटी, म्हणजे 14 वर 15 शून्यं, म्हणजेच 14,000 लाख कोटी. केंद्राचा 2024-25 चा अर्थसंकल्प सुमारे 48 लाख कोटींचा होता. शाळा, सैन्य, रेल्वे सगळं बंद ठेवून असे 290 अर्थसंकल्प यात ओतावे लागतील.

एवढा फरक कानाला कळतच नाही. सेकंदांत मोजा. 1 कोटी सेकंद म्हणजे साधारण 116 दिवस. 140 कोटी सेकंद म्हणजे 44 वर्षं. आणि 140 कोटी कोटी सेकंद म्हणजे 44 कोटी वर्षं. 44 कोटी वर्षांपूर्वी तर डायनासोर जन्मायलाही 20 कोटी वर्षं अवकाश होता. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची जी नावं दिली आहेत, त्यांत कोटी गुणिले कोटीचं नाव आहे ‘जलधी’. समुद्र! इतकं नेमकं नाव आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं.

‘एका पुलालाच जास्त जातात.’ हो, जातात. अटल सेतूला 17,840 कोटी लागले. ते सगळ्या देशाला वाटले असते, तर माणशी 127 रुपये आले असते, तेही एकदाच. पुलाचा खर्च, टोल, खाडीचं नुकसान यांवर जरूर भांडा. चुकीच्या भागाकाराने ते भांडणच लंगडं होतं.

‘नोटा छापा.’ मार्च 2024 मध्ये देशभर चलनात सुमारे 35 लाख कोटींच्या नोटा होत्या. त्याच्या 400 पट छापाव्या लागतील, आणि दुकानातला तांदूळ मात्र तेवढाच राहील.

एकाने विचारलं, ‘शिकलेली माणसं एवढी चुकतील का?’ चुकतात. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी मार्च 2020 पर्यंत प्रचाराच्या जाहिरातींवर 50 कोटी डॉलर खर्च केले होते. तेवढ्यात 32.7 कोटी अमेरिकनांना प्रत्येकी 10 लाख डॉलर देता आले असते, असं तिथल्या एका वृत्तवाहिनीवर सांगितलं गेलं. प्रत्यक्षात वाट्याला दीड डॉलर येतो. त्याच कार्यक्रमात वाहिनीच्या सूत्रसंचालकांनी चूक कबूल केली. आमच्या ग्रुपवर मजकूर टाकणाऱ्या काकांनीही केळ्यांचा हिशेब वाचून तो काढून टाकला.