७४ हजार कोटी महापौरांच्या हातात? आधी तिजोरीची चावी कुणाकडे ते बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या फुलांनंतर येणारा पहिला मजकूर गेले काही दिवस एकच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो तीनदा टाकला. माझ्या मावसबहिणीने डोंबिवलीहून पाठवला, म्हणजे जिची महापालिकाच वेगळी, तिलाही मुंबईच्या महापौरांचा राग आलेला.

मजकुराचा सारांश असा: मुंबईच्या महापौरांच्या हातात ७४ हजार कोटींचं बजेट आहे, देशातल्या काही राज्यांपेक्षा मोठं. तरीही रस्त्यात खड्डे, कारण महापौर नाकर्ते. महापौर आणि नगरसेवकांनी मिळून पालिकेच्या ठेवी मोडून खाल्ल्या. उरलेला पैसा त्यांच्या मानधनात, गाडीत आणि बंगल्यात जातो. प्रशासक (म्हणजे नगरसेवकांच्या जागी कारभार बघणारा सरकारी अधिकारी) होते तेव्हा कारभार कसा झपाट्याने चालला होता! आणि शेवटी, न्यूयॉर्कचा महापौर बघा आणि आपला बघा.

राग कळतो. मीही याच शहरात घरपट्टीचं बिल आणि गुडघ्याएवढं पाणी दोन्ही पाहिलंय. पण या मजकुरात एक आकडा सोडला तर बाकी बहुतेक सगळं उलटं बसवलेलं आहे. तो आकडा बरोबर आहे: २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता.

‘बजेट महापौरांच्या हातात असतं’

नसतं. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्या कायद्याने कार्यकारी अधिकार दिलेत आयुक्तांना, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. अर्थसंकल्प आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीला, म्हणजे नगरसेवकांच्या एका छोट्या समितीला, सादर करतात. तिथे फेरफार होऊन तो सभागृहात येतो. ठरावीक रकमेच्या वरच्या कंत्राटांना मंजुरी स्थायी समिती देते, म्हणून ‘तिजोरीच्या चाव्या स्थायीकडे’ असं पालिकेत म्हणतात. स्थायीचा अध्यक्ष वेगळा असतो. महापौर सभागृह चालवतात, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचं स्वागत करतात. एखाद्या इंजिनियरची बदली करायची म्हटली तरी त्यांना आयुक्तांनाच सांगावं लागतं.

पावसाळ्याच्या तोंडावर येणारे ते व्हिडिओ आठवा. महापौर नाल्याच्या काठावर उभे, समोर हात बांधून अधिकारी, गाळ दाखवत झापणं चाललंय. लोक म्हणतात, वा, काय दरारा! मला दरवेळी वाटतं, ज्याला नोटीस काढता येते तो माणूस कॅमेऱ्यासमोर ओरडत बसत नाही.

हे पद पहिल्यापासून असंच घडवलेलं आहे. १९३१ पर्यंत तर ‘महापौर’ हा शब्दही नव्हता, सभागृहाच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. महापौरांना खरे अधिकार देण्याचा एक प्रयोग मुंबईत झाला होता, १९९८ मध्ये, ‘मेयर इन कौन्सिल’ नावाने. निवडून आलेल्यांचं छोटं मंत्रिमंडळच म्हणा. १९९९ मध्ये तो गुंडाळला. आज नाकर्त्या महापौराबद्दल बोटं मोडणाऱ्या किती जणांना हा प्रयोग आठवतो कुणास ठाऊक.

‘न्यूयॉर्कचा महापौर बघा’

बघू या की. तो थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, शहराचं बजेट मांडतो, पोलीस आयुक्त नेमतो, बहुतेक खात्यांचे प्रमुख नेमतो. मुंबईत पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे, लोकल रेल्वेकडे, मेट्रो एमएमआरडीए (राज्याचं महानगर विकास प्राधिकरण) आणि मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे, झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे, म्हाडाच्या वसाहती म्हाडाकडे. शहराच्या विकास आराखड्यावर शेवटची सही मंत्रालयात होते. महापौरांकडे काय उरलं, तर घंटा, माईक आणि लाल दिव्याची आठवण. तुलना करायचीच असेल तर आपल्या आयुक्तांशी करा, आणि त्यांच्या वर बसलेल्या मुख्यमंत्र्यांशी.

‘ठेवी मोडून खाल्ल्या’

इथे जरा थांबू, कारण मजकुरातलं हे वाक्य सगळ्यात जास्त पसरलंय आणि सगळ्यात जास्त फसवं आहे.

मार्च २०२२ च्या सुमारास पालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या. २०२५ च्या सुरुवातीला त्या साधारण ८२ हजार कोटींवर आल्या. म्हणजे घट खरी आहे. आता तारखा लावा. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. ८ मार्चपासून प्रशासक आला आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. या काळात मुंबईला महापौरच नव्हता. खुर्ची रिकामी होती. रिकाम्या खुर्चीने ठेवी खाल्ल्या, असा आरोप असेल तर माझा नाइलाज आहे.

तरीही ‘खाल्ल्या’ हा शब्द मी प्रशासकांसाठीही वापरणार नाही. या ठेवी म्हणजे घरातल्या डब्यात साठवलेले मोकळे पैसे नव्हेत. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा यांचा असतो, त्याला हात लावता येत नाही. उरलेला भाग प्रकल्पांसाठी म्हणून बाजूला काढलेला. तो प्रकल्पांवर खर्च झाला तर ती चोरी नाही. प्रश्न वेगळा आहे. २०२५ च्या सुरुवातीला पालिकेने हाती घेतलेल्या प्रकल्पांचं एकूण देणं दोन लाख कोटींच्या वर गेलं होतं. ठेवी ८२ हजार कोटी, त्यातल्या कितीतरी बांधलेल्या, आणि अंगावर घेतलेली कामं दोन लाख कोटींची. हिशोब विचारायचा तो या कामांचा. कुठला प्रकल्प आधी, कुठला नंतर, हे कुणी ठरवलं आणि कुठल्या बैठकीत?

जमेची बाजूही बघायला हवी. जकात होती तोवर नाक्यावर रोज रोकड येत होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई सुरू झाली. २०२५-२६ च्या अंदाजात ही रक्कम १४ हजार कोटींच्या वर होती. म्हणजे पालिकेच्या उत्पन्नाचा भलामोठा हप्ता आता मंत्रालयातून येतो. शिवाय ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी जानेवारी २०२२ मध्ये माफ झाली, सुमारे १६ लाख घरांची. निवडणूक तोंडावर आली असं तेव्हा वाटत होतं, घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केली. आमचं घर ४६० चौरस फुटांचं, त्यामुळे मी त्या दिवशी काही तक्रार केली नाही, हे कबूल करतो. काकांचंही तेवढंच आहे.

‘मानधन, गाडी, बंगला’

हा हिशोब पाटीवर मांडण्याजोगा आहे. गेल्या सभागृहात नगरसेवकाला महिन्याला २५ हजार रुपये मानधन होतं. गुणिले २२७, गुणिले १२. वर्षाला ६ कोटी ८१ लाख. ७४ हजार कोटींच्या शेजारी ठेवलं तर शंभर रुपयांत एक पैसाही भरत नाही. कोस्टल रोड १०.५८ किलोमीटरचा, खर्च सुमारे १४ हजार कोटी, म्हणजे मीटरला एक कोटी तीस लाखांच्या आसपास. मुंबईतल्या सगळ्या नगरसेवकांचं वर्षभराचं मानधन म्हणजे कोस्टल रोडचे जेमतेम पाच मीटर. एक बस उभी करायला पुरणार नाही.

बंगल्याचं म्हणाल तर शिवाजी पार्कसमोरचा महापौर बंगला बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी गेला आणि महापौर राणीच्या बागेतल्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयातल्या, बंगल्यात गेले. शेजार पेंग्विनचा. त्या पेंग्विनवर मुंबईत जेवढी भाषणं झाली तेवढी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर झाली असती तर बरं झालं असतं.

मग नगरसेवक धुतल्या तांदळासारखे का? अजिबात नाही. पण त्यांना पकडायची जागा मानधनाची पावती नव्हे. स्थायी समितीचं कामकाज ज्यांनी कधी जवळून पाहिलंय त्यांना तिथले शब्द पाठ असतात. प्रस्ताव ‘विनाचर्चा मंजूर’ होतो. प्रस्ताव ‘राखून ठेवला’ जातो. आणि आठवड्याभरात असं काय घडतं कुणास ठाऊक, राखून ठेवलेला प्रस्ताव पुढच्या सभेत एका दमात मंजूर होतो. कधी तो ‘दप्तरी दाखल’ होतो, म्हणजे फाईलबंद, मग काही महिन्यांनी कपडे बदलून परत येतो. नालेसफाईचा घोटाळा २०१५ चा, रस्त्यांच्या कामांचा २०१६ मध्ये उघडा पडलेला. दोन्ही वेळी महापौर होते, नगरसेवक होते, स्थायी होती. इंजिनियर निलंबित झाले, ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, आणि या कामांवर हात वर करून मंजुरी देणारे पुन्हा तिकिटं मागायला मोकळे राहिले. टीका करायची तर इथे करा. त्या २५ हजारांत काय ठेवलंय!

‘प्रशासक होते तेव्हा झपाट्याने चाललं होतं’

झपाट्याने चाललं, यात वाद नाही. हरकत घेणारंच कुणी नव्हतं.

२०२३ चा अर्थसंकल्प आठवतो का? अतिरिक्त आयुक्तांनी तो आयुक्तांना सादर केला, कारण आयुक्त तेच आणि प्रशासकही तेच. स्थायी तेच, सभागृह तेच. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा. मुंबईत याआधीही १९८४-८५ मध्ये प्रशासक बसला होता, पण वर्षभरात निवडणूक झाली. यावेळी जवळजवळ चार वर्षं गेली.

या चार वर्षांतले निर्णय छोटे नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटची कामं एकदम दिली गेली, सुमारे ६ हजार कोटींची. शहर भागातलं कंत्राट वर्षही पुरं व्हायच्या आत रद्द करून नव्याने निविदा काढावी लागली. सुशोभीकरणाचे सुमारे १,७०० कोटी याच काळातले, त्यातले विजेच्या खांबांभोवतीचे रंगीत दिवे आता निम्मे बंद आणि निम्मे लुकलुकताना दिसतील, निदान आमच्या रस्त्यावर तरी. रस्त्याच्या फर्निचरचं, म्हणजे बाकडी-कठडे वगैरेंचं, २६३ कोटींचं टेंडर आरोप झाल्यावर मागे घ्यावं लागलं. हे प्रश्न सभागृहात विचारले जायला हवे होते, ते पत्रकार परिषदांत आणि कोर्टात विचारले गेले. आणि पालिका राजकारणापासून दूर राहिली म्हणावं तर तेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत राडा झाल्यावर मुख्यालयातल्या पक्षकार्यालयांना टाळी लागली, आणि पुढच्याच वर्षी उपनगरच्या पालकमंत्र्यांना त्याच मुख्यालयात दालन मिळालं. नगरसेवक बाहेर, मंत्री आत.

कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, विशेष अहवालाचा दाखला दोन्ही बाजू देतात, आणि दोन्ही बाजू अर्धाच देतात. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत ठेवलेल्या त्या अहवालात सुमारे १२ हजार कोटींची कामं तपासली होती. निविदा न काढता दिलेली २० कामं, २१४ कोटींची. ४,७५५ कोटींच्या कामांत ६४ ठेकेदारांशी करारच झालेले नव्हते. करार नाही तर दंड कशाच्या आधारावर लावणार? पण तपासणीचा काळ होता २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२. म्हणजे सव्वादोन वर्षं महापौरांची आणि शेवटचे पावणेआठ महिने प्रशासकांचे. करार करणं हे दोन्ही काळांत प्रशासनाचंच काम होतं, हे कुणीच बोलत नाही.

एक श्रेय द्यायचंय. कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला, प्रशासकांच्या काळात, आणि काम देखणं झालंय. पण ते काम सुरू झालं २०१८ मध्ये, महापौर आणि नगरसेवक असताना. फीत कापली गेली तेव्हा ते घरी बसले होते, एवढंच.

‘खड्डे महापौरांमुळे’

यावर फार बोलत नाही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे होते, त्यावरच्या खड्ड्यांच्या शिव्याही महापौरांनीच खाल्ल्या. आतल्या रस्त्यांवर आज डांबर पडतं, उद्या केबलवाला चर खणतो, परवा पेव्हर ब्लॉक ठोकून जातो. चर खणायची परवानगी पालिकेचं प्रशासन देतं.

मग महापौरांवर टीका करूच नये? करा, भरपूर करा. आयुक्त सभागृहात उत्तर द्यायला आले नाहीत तेव्हा महापौरांनी काय केलं ते विचारा. विरोधकांच्या हरकतीच्या मुद्द्यावर माईक बंद झाला का, शोकप्रस्ताव मांडून सभा तहकूब करून अडचणीचा विषय टाळला का, हे विचारा. आणि एक कलम काकांना वाचून दाखवा. १८८८ च्या त्याच कायद्यात अशी सोय आहे की सभागृहातल्या एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्तांना जावंच लागतं. निवडून आलेले २२७ धरले तर १४२ जण. नगरसेवकांच्या हातात खरी ताकद आहे ती ही, आणि बुधवारच्या स्थायीतलं मत.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. मी म्हटलं, काका, महापौर राहू द्या, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण आहे सांगा बरं. त्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत विचार केला आणि २०१७ च्या नगरसेविकेचं नाव सांगितलं.