घरबसल्या बीपी वाढवा, शुगर सोबत मोफत

परवा रात्री एका हेल्थ ॲपचं अपडेट आलं. सकाळी उघडलं तर ते हसतमुखाने विचारतंय, 'नवीन आहात का? चला, ओळख करून घेऊ!' वर्षभर रोज बोट टोचून आणि दंड आवळून ज्यांनी आकडे भरले, त्यांनाच हा प्रश्न. जुने आकडे कुठे गेले? आधी नवीन खातं उघडा, मग बघू.

तेव्हा ज्यांच्या घरी बीपीचं यंत्र, शुगरचं यंत्र आणि दोघांवर मुकादमी करणारं ॲप अशी तीन रत्नं आहेत आणि तरीही ज्यांची तब्येत बरी आहे, त्यांच्यासाठी काही सूचना. मन लावून पाळल्यात तर महिन्याभरात एखादी गोळी नक्की वाढेल.

जिना चढून आलात की लगेच यंत्र लावा. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवा, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा वगैरे सगळं माहितीपत्रकात चित्रांसकट दिलेलं असतं, पण माहितीपत्रक खोक्यातच शोभतं. पायावर पाय टाका. लघवीला लागली असेल तर मोजून होईपर्यंत दाबून धरा. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट झाली असेल तर फारच छान.

पट्टा बाहीवरूनच गुंडाळा. बाही दंडावर वळून घट्ट केली असेल तर उत्तमच, म्हणजे खाली एक आणि वर एक असे दोन पट्टे होतील. कोपराच्या घडीपासून दोनतीन सेंटीमीटर वर, नळी धमनीच्या रेषेत, आत दोन बोटं जातील एवढा सैल, हे ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं. दंडाचा घेर तर मुळीच मोजू नका. यंत्रासोबत नेहमी येणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटीमीटर घेराचा असतो, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. दंड 36 चा असला तरी तोच ओढूनताणून बसवा, वेल्क्रो करकरू दे. लहान पट्टा आकडा चढवून दाखवतो. मग डॉक्टर गोळी वाढवतील ती तुमच्या धमन्यांसाठी नव्हे, पट्ट्यासाठी.

हात मांडीवर टाकून द्या. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली गेला की 7-8 पॉइंट फुकट मिळतात. तो रक्ताच्या उभ्या स्तंभाचा भार आहे आणि त्यावर जगात औषध नाही. टेबलावर हात ठेवला की तो नाहीसा होतो, पण मग मजा काय राहिली? मनगटावरचं यंत्र घेतलं असेल तर या खेळाला सीमाच नाही.

यंत्र फुगत असताना गप्पा मारा. हे यंत्र डॉक्टरांसारखं नाडीचे आवाज ऐकत नाही. हवा सोडताना पट्ट्यात उठणारी थरथर ते मोजतं. थरथर जिथे सर्वांत मोठी तो मधला दाब, आणि त्यावरून कंपनीच्या सूत्राने वरचा-खालचा आकडा काढला जातो. तुम्ही हात हलवलात, मोठ्याने हसलात की तीही थरथरच. पडद्यावर कधी वेडंवाकडं हृदयाचं चिन्ह उमटलं तर ती सजावट समजा. ठोके अनियमित असल्याची ती सूचना असते. ठोके खरंच तसे असतील तर आकडाही तेवढा भरवशाचा राहत नाही, पण चिन्ह दिसायला गोड असतं.

आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा मोजा. मग पुन्हा. कमी आला की थांबा आणि तोच लिहा.

एरवी करायचं असतं ते असं: सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. सात दिवसांचे 28 आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यायचे आणि उरलेल्या 24 ची सरासरी काढायची. डॉक्टरांच्या कामाची तीच. ॲपची सरासरी मात्र सर्वसमावेशक असते. पहिला दिवस त्यात, पट्टा उलटा लागला होता तो आकडा त्यात, आणि पाहुण्याने 'बघू बघू माझं किती' म्हणत मोजलेलं बीपीही त्यातच. यंत्रावर दोन माणसांसाठी वेगळं बटण असतं, ते सरकवायचं कुणाच्या लक्षात राहतं?

औषधाचा डोस रंग बघून ठरवा. 132/78 ला एक ॲप हिरवं, दुसरं नारिंगी. अमेरिकेत 2017 पासून 130/80 किंवा त्यापुढे वाढलेलं धरतात. इतरत्र बऱ्याच ठिकाणी दवाखान्यात 140/90 आणि घरी 135/85 ही रेघ आहे. ॲप यातलं कुणाचं ऐकतं हे ॲपलाच माहीत. नारिंगी दिसलं की घाबरा, घाबरून पुन्हा मोजा, आता ते लाल होईल.

शुगरकडे वळू. हात धुऊ नका. फळ सोलून झालं की तसंच बोट टोचा. स्ट्रिपला लागणारा थेंब असतो जेमतेम अर्ध्या मायक्रोलिटरच्या आसपास, त्यात बोटावरची साखर विरघळली की यंत्र बिचारं प्रामाणिकपणे दोघांची बेरीज सांगतं. स्पिरिट लावलंत तर ते वाळायच्या आत टोचा. कडेला कमी दुखतं म्हणून बोटाच्या बरोब्बर मधोमध टोचा. रक्त येत नसेल तर लिंबासारखं पिळा, रक्तासोबत पेशींच्या आजूबाजूचं पाणीही येईल आणि आकडा पातळ होईल.

सुई महिनाभर एकच वापरा.

आणि बोट टोचायच्या एकाच पेनाने सगळ्या घराची शुगर... नाही. हे उपरोधानेसुद्धा लिहिता येत नाही. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाला रक्त राहतं, त्यातून हिपॅटायटिस बी पसरलेला आहे. ज्याचं पेन त्याचं. टोचलेली सुई जाड डब्यात टाकायची, कचऱ्याच्या पिशवीत नाही. हं, पुढे.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण सताड उघडं ठेवा. झाकणात ओल शोषणारा पदार्थ भरलेला असतो, त्यालाही जरा जग दिसू दे. प्रवासाला निघताना चार स्ट्रिप कागदात गुंडाळून खिशात टाका. डबीवरची तारीख सीलबंद डबीची असते. उघडल्यावर पुष्कळ कंपन्यांच्या स्ट्रिप तीन किंवा सहा महिन्यांतच संपवायच्या असतात, म्हणूनच उघडल्याची तारीख पेनाने डबीवर कधीही लिहू नका. यंत्र तपासायचं कंट्रोल सोल्यूशन मिळतं. नवी डबी उघडली किंवा यंत्र हातातून पडलं की त्याचा थेंब टाकायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का बघायचं. हे माहीत असलेला माणूस भेटला तर त्याचा सत्कार करा.

लॅबमध्ये 150 आणि घरी 164 आली की यंत्र बोगस असल्याचं कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर करा. शुगरच्या घरगुती यंत्रांसाठी असलेल्या 2013 च्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरातली 95 रीडिंग लॅबच्या मागेपुढे 15 टक्क्यांत बसली की पुरे, आणि 100 च्या खाली 15 मिलिग्रॅम. म्हणजे 150 ला 128 पासून 172 पर्यंत सगळं नियमात. पण नियम वाचून भांडण मिटवण्यापेक्षा तीन बोटं टोचून तीन आकडे काढा आणि आवडेल तो ठेवा.

न टोचता शुगर सांगणारं घड्याळ मिळालं तर डोळे मिटून विकत घ्या. 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असल्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा म्हणून जाहीर सांगितलं, पण जाहिरातीतला माणूस किती खूश दिसतो!

ॲपमधला अंदाजे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, डॉक्टरांना अभिमानाने दाखवा. फक्त उपाशीपोटी मोजत राहा. 110 च्या आसपास आली की ॲप सरासरीला सूत्र लावून 5.5 देईल. जेवणानंतर दोन तासांनी काय होतं ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता मुख्य विधी, यंत्र फोनला जोडणे. ब्लूटूथ चालू करा. यंत्राचं बटण पडद्यावर 'पी' लुकलुकेपर्यंत दाबून धरा. फोनच्या सेटिंगमध्ये यंत्राचं नाव दिसेल, त्यावर आनंदाने बोट ठेवा. तिथे दिसेल 'जोडलं गेलं', ॲपमध्ये दिसेल 'एकही उपकरण नाही'. कारण जोडणी ॲपच्या आतून करायची होती. आता सेटिंगमध्ये जाऊन 'विसरा' म्हणा आणि पहिल्यापासून सुरू करा. ॲप लोकेशन मागेल. बीपी कुठल्या गल्लीत वाढलं हे त्याला कशाला हवं असा प्रश्न पडेल. उत्तर असं की अँड्रॉइड 12 च्या आधीच्या फोनमध्ये लोकेशनच्या परवानगीशिवाय ब्लूटूथची यंत्रं शोधताच येत नाहीत. हे एक वाक्य ॲपमध्ये लिहायला जागा नाही, 'वा! सलग 20 दिवस!' असा फुगा उडवायला मात्र अख्खा पडदा आहे. फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲपला झोपवलं की आकडे येणं बंद, आणि हा फुगाही फुटतो. मग रात्री अकराला सूचना येते, 'तुमची साखळी तुटतेय!' त्या धास्तीने अंथरुणातून उठून मोजलेलं बीपी साखळीत घ्या. यंत्राचे सेल बदलले की घड्याळ पुसलं जातं, 1 जानेवारी, रात्रीचे बारा. पुन्हा जोडेपर्यंत घेतलेली रीडिंग त्याच मुहूर्तावर नोंदली जातात आणि यादीत तळाशी जाऊन बसतात. ती सापडत नाहीत म्हणून तुम्ही परत टोचता. शुगरच्या यंत्राचं घड्याळ आठ तास मागे असलं तर सकाळी साडेसहाचं उपाशीपोटीचं रीडिंग रात्री साडेदहाचं होतं, आणि ॲप शाबासकी देतं, 'जेवणानंतरची शुगर झकास!' आणि एवढं सगळं सोसून मांडी ठोकून बसलेला माणूस जरा सरावतो न सरावतो तोच अपडेट येतं. ईमेल द्या. ओटीपी द्या. सहा ठिकाणी टिक करा, त्यातल्या दोन जाहिरातींच्या. जन्मतारीख द्या, आणि त्यासाठी उघडतं या महिन्याचं कॅलेंडर, मागे जायला एक इवलासा बाण. एका टिचकीत एक महिना. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने 900 वेळा टिचकी मारायची! वरच्या सालावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, पण ते त्याला कोण सांगणार? त्यात थरथरणारं बोट, त्यात सकाळी टोचलेलं. मदतकेंद्राला लिहिलं तर ठरलेलं उत्तर, 'ॲप काढून पुन्हा टाका.' आकडे फक्त फोनमध्येच साठवलेले असतील तर काढल्याक्षणी सगळे जातात, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक असतं की नसतं? जुने आकडे वाचलेच तर सात दिवसांचे फुकट, त्यामागचे बघायला वर्गणी. फाइल उतरवून घ्यावी तर त्यात महिना आधी, तारीख नंतर. 5 जूनचं बीपी 6 मेला.

नाही जमत आता गंमत. ॲप बनवणाऱ्यांनो, ते रक्त आमच्या बोटातलं आहे. ते बघायला आम्ही तुमच्याकडे खातं का उघडायचं? साखळ्या आणि फुगे काढून टाका. त्या जागी एक मोठं बटण द्या, 'सगळी रीडिंग, तारखेसकट, कागदावर'. मोजमाप कुठल्या रेघेवर रंगवता ते रंगाशेजारी लिहा. घड्याळ चुकलेलं दिसलं तर विचारा. 1 जानेवारीला रात्री बारा वाजता एकाच माणसाने चौदा वेळा बीपी मोजलं, यात तुम्हाला काहीच वावगं वाटत नाही?

आणि वापरणाऱ्यांनो, तुम्हीही कमी नाही. एका नारिंगी ठिपक्यावरून गोळी अर्धी काय करता, दुप्पट काय करता? शुगर 70 च्या खाली गेली तर ॲपमध्ये नोंदवत बसू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला आधी 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. 180/120 च्या वर आकडा आणि छातीत दुखतंय, धाप लागलीय, बोलणं अडखळतंय, तर पुन्हा मोजायचं नाही, ब्लूटूथ जोडायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. काहीच त्रास नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अपडेटने आकडे खाल्ले असतील तर ॲप उडवण्याआधी यंत्राचं मेमरीचं बटण दाबून बघा, शेवटची बरीच रीडिंग त्याच्या पोटात असतात. ती वहीत उतरवा: तारीख, वेळ, वरचं, खालचं, ठोके, गोळीच्या आधी की नंतर.

आणि आधी तो पट्टा बाहीवरून काढा.