रॅम्प झाला, टेबलाचं काय?

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका हॉस्पिटलच्या नव्या रॅम्पचा फोटो आला. फीत, नारळ, हार घातलेली मंडळी, आणि खाली धडाधड अभिनंदन आणि अंगठे. माझं डोकंच फिरलं. रॅम्पवर राग नाहीये माझा, रॅम्प हवाच, आणि नीट उताराचा हवा, एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, नाहीतर ढकलणाऱ्याचा जीव जातो. राग याचा आला की तेवढ्यावर सगळ्यांनी 'चला, दिव्यांगांची सोय झाली' म्हणून विषय मिटवून टाकला. अरे, दारातून आत गेलेल्या बाईला तपासणार कुठे?

माझी मावसबहीण. ताई म्हणते मी तिला. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. झेडपीच्या शाळेत शिकवते, घर स्वतःच्या पगारावर बांधलंय. गेल्या वर्षी तिला पाळीत खूप रक्त जायला लागलं, थांबेचना, चेहरा पांढराफटक. मी बरोबर गेले. केसपेपर काढला, नंबर लागला, आत गेलो तर तपासायचं टेबल व्हीलचेअरवर बसलेल्या ताईच्या छातीला लागत होतं, आणि वर चढायला दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल. तिथल्या आयामावशी म्हणाल्या, "पुरुष माणूस नाही का बरोबर कुणी, उचलायला?" नव्हता. मग त्यांनीच बाहेर हाक मारून वॉर्डबॉयला बोलावलं. ताईने सलवारची नाडी सोडलेली होती आणि तो पडदा सारून सरळ आत आला. तिने ओढणी मांड्यांवर धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. चाळीशी ओलांडलेली बाई, वर्गात नुसती उभी राहिली तरी पोरं गप्प होतात, तिची ही गत.

आणि सोनोग्राफी! सोनोग्राफीला लघवी तुंबवून या म्हणतात, भरपूर पाणी प्या म्हणतात. ताई बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, कारण कुठल्याच दवाखान्याच्या संडासात तिची खुर्ची जात नाही, दार अरुंद, आत उंबरा, वर ओली फरशी. मग तिने काय करायचं? पाणी प्यायलं तर जायचं कुठे, नाही प्यायलं तर सोनोग्राफी नीट दिसत नाही म्हणून परत पाठवणार. परत पाठवलंच.

पण हे सगळं एकवेळ गिळलं असतं. डॉक्टर मॅडम सगळे प्रश्न मला विचारत होत्या. "यांना किती दिवसांपासून होतंय?" उत्तर ताई देतेय आणि बघतायत माझ्याकडे. लग्न झालं नाही म्हटल्यावर पुढचे प्रश्नच संपले, जणू बिनलग्नाच्या आणि त्यातून अपंग बाईला शरीर नसतंच. मग म्हणाल्या, "गर्भपिशवी काढूनच टाका ना, ठेवून करायचंय काय? दर महिन्याची कटकट जाईल, तुम्हालाही सोपं पडेल." तुम्हाला म्हणजे मला! पिशवी तिची आणि सोय माझी!

ज्यांना ही एखाद्या डॉक्टरची गोष्ट वाटते त्यांनी 1994 आठवावं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यात सरकारी ससून हॉस्पिटलमध्ये काढल्या होत्या, कारण काय तर पाळीची स्वच्छता त्यांना ठेवता येत नाही. संघटना रस्त्यावर उतरल्या म्हणून ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या शिकल्यासवरलेल्या, कमावत्या ताईलाही कुणी विचारलं नाही.

कायदा आहे हो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. कलम 25 म्हणतं सरकारीच नाही, खाजगी हॉस्पिटलचाही प्रत्येक भाग अडथळ्याविना पाहिजे, आणि तपासणीला प्राधान्य पाहिजे. प्रत्येक भाग, म्हणजे टेबल आणि संडाससुद्धा. कलम 10 म्हणतं मूल होणं कायमचं बंद पडेल असा कुठलाही उपचार त्या व्यक्तीने स्वतः, समजून-उमजून हो म्हटल्याशिवाय करायचा नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 1 कोटी 18 लाख अपंग बायका मोजल्या गेल्या. यातल्या किती जणींची तपासणी 'टेबलावर चढता येत नाही' म्हणून कपड्यांवरूनच उरकली असेल, विचार करून पोटात कालवतं. आणि ताईला निदान बोलता येतं, दिसतं. ऐकू न येणाऱ्या बाईने पाळीबद्दल सांगायचं तर सासू नाहीतर दीर मध्ये दुभाषा, अंध बाईचा रिपोर्ट ओपीडीत सगळ्यांदेखत मोठ्याने वाचतात. त्यांना खाजगी काही नसतंच का?

हो, ओपीडीत गर्दी मरणाची असते, डॉक्टरपण माणूसच आहे, मान्य. पण पेशंटच्या तोंडाकडे बघून बोलायला जास्तीचा वेळ लागत नाही.

आम्ही ताईला दुसरीकडे नेलं. तिथेही टेबल उंचच होतं, पण तिथली सिस्टर, अगदी तरुण मुलगी, ती ताईजवळ वाकली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही खुर्चीवरून खाटेवर कशा जाता? मला सांगा, मी तशीच मदत करते." वॉर्डातली एक बुटकी खाट रिकामी करून घेतली, दार लावलं, ताई आपल्या हातांच्या जोरावर सरकून त्यावर गेली. डॉक्टरांनी खाली स्टुलावर बसून तपासलं. गाठ निघाली, छोटी, गोळ्यांवर आटोक्यात आली. पिशवी जागेवर आहे. त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं, पण तिचं भलं होवो, खरंच. हे लिहितानाही डोळे भरून आलेत.

पण मग परत तेच, एका सिस्टरला जे सुचतं ते बाकीच्यांना शिकवत का नाहीत? खालीवर होणारी टेबलं मिळतात, एसी बसवायला पैसे असतात तसे यालाही काढता येतात.

दिवाळीनंतर ताईची परत सोनोग्राफी आहे. सातारा, कराड, पुणे, कुठेही चालेल, तुमच्या माहितीत असा दवाखाना असेल तर खाली लिहा. आणि 'व्हीलचेअर फ्रेंडली आहे' एवढंच नको, टेबल खाली येतं का, संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का आणि डॉक्टर कुणाशी बोलतात, एवढं बघून लिहा. तुमच्यापैकी जे डॉक्टर आहात त्यांनी आजच आपल्या क्लिनिकच्या टेबलाला टेप लावा आणि उंची कळवा.