‘जाळी लावली की आवाज दबतो’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एवढ्या हौसेनं बनवून घेतलेल्या स्पीकरचं समाधान मिळालं नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

दोन तारे देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. स्पीकरपुढची कापडी जाळी लावली की आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा येतो, म्हणजे खोकाच चुकीचा बनवलाय. खोका ठोकला तर पोकळ वाजतो. आणि नुसत्या लाकडी खोक्याचे इतके पैसे कसले. शेवटच्या दोन गोष्टींवर खाली लिहितो. जाळीचं आधी सांगायलाच हवं, कारण ते वाचून फार लागलं.

अभिप्रायासोबत तुम्ही जे फोटो टाकलेत, त्यातली जाळी आम्ही दिलेली नाही. चौकट आमची आहे, कापड बदललेलं आहे. सोफ्याला मिळतंजुळतं, घट्ट विणीचं जाड कापड त्यावर ताणून बसवलंय. बदलू नये असं आमचं म्हणणं नाही, स्पीकर तुमचे आहेत. पण त्या कापडातून आलेल्या आवाजाचा दोष आमच्या खोक्यावर यावा, हे पटत नाही.

जाळीचं कापड निवडताना आम्ही ते उजेडासमोर धरतो आणि तोंडानं फुंकर मारून बघतो. फुंकर सहज पलीकडे गेली तरच ते कापड घेतो. विणीत मोकळी जागा नसेल तर आवाजाला कापडच हलवून पुढे जावं लागतं. खर्जाच्या संथ कंपनांबरोबर कापड हलतं, त्यामुळे खर्ज जवळजवळ तसाच बाहेर येतो. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भाग, मात्र सेकंदाला दहा-दहा हजार कंपनं करतो, आणि कापडाला स्वतःच्या वजनामुळे तेवढ्या वेगानं हलता येत नाही. मग झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ची धार, तारेवर नखी लागल्याचा पहिला क्षण, सगळं आतच राहतं. ‘गाणाऱ्याचे शब्द नीट कळत नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय, ते याचंच लक्षण आहे.

दुसऱ्या फोटोत जाळी काढून बाजूला ठेवलेली दिसते. नवं कापड धरून ठेवण्यासाठी चौकटीच्या आतून चौकोनी पट्ट्या मारलेल्या आहेत. आमच्या चौकटीची आतली कड तिरकी तासलेली असते, ती या पट्ट्यांखाली झाकली गेली. ती कड दिसायला बरी म्हणून तासलेली नव्हती. ट्वीटरचा आवाज फक्त समोर जात नाही, पुढच्या फळीवरूनही पसरत जातो. वाटेत उभी कड आली की तिथून उलटतो आणि मूळ आवाजाच्या किंचित मागून कानावर येतो. कड 5 सेंटिमीटरवर असेल तर हा उशीर मिलिसेकंदाच्या सातव्या भागाएवढा. पण 3,400 हर्ट्झच्या आसपासची लाट तेवढ्या वेळात बरोबर अर्धी पुढे गेलेली असते, आणि दोन्ही आवाज एकमेकांना कमी करतात. उच्चार स्पष्ट कळायला लागणारे आवाज याच पट्ट्यात येतात, सर.

ट्वीटर आम्ही मधोमध न बसवता एका बाजूला सरकवतो तेही यासाठीच, म्हणजे सगळ्या कडांवरून उलटलेला आवाज एकाच वेळी येत नाही. ऑर्डर देताना ‘हा असा बाजूला विचित्र दिसतो’ असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हाही हेच सांगितलं होतं. खोक्याच्या पुढच्या कडा गोल करण्यात आमचे तासन्‌तास जातात. यात आमच्या मनाचं काही नाही. अमेरिकन ध्वनी-अभियंते हॅरी ओल्सन यांनी एकच ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांत बसवून घेतलेली मोजमापं 1951 मध्ये प्रसिद्ध केली. गोलाकार खोक्याचा आलेख सर्वांत सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्या जोरानं देणारा, आला, धारदार कडांच्या घनाकार खोक्यात मोठे चढउतार आले. ड्रायव्हर तोच होता.

स्पीकर नेण्याआधी तुम्ही आमच्याकडे बसून, तुमच्याच आवडीची गाणी लावून, जाळीसकट आणि जाळीशिवाय ऐकलं होतंत. फरक कळत नाही असं तुम्ही स्वतः म्हणालात. अभिप्रायात त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही.

फोटोत स्पीकर भिंतीतल्या कप्प्यात खोल ठेवलेत, हेही नमूद करतो. मोकळ्यावर उभ्या स्पीकरचा खर्ज खोक्याला वळसा घालून मागेही जातो, आणि तेवढी समोरची घट धरूनच आम्ही क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वाटून देणारं सर्किट, जुळवतो. कप्प्यात त्याला मागे जायला वाव नसतो, तो समोरच येतो आणि 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतो. वरचे सूर कापडानं अडवलेले, खालचे कप्प्यानं फुगवलेले. मग आवाज दबलेला वाटणारच.

आता पोकळपणाबद्दल. बंद खोका आतून मोकळाच लागतो. अमेरिकन संशोधक एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये बाजारात आणलेल्या स्पीकरपासून खोक्यात कोंडलेली हवाच वूफरची, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या भागाची, स्प्रिंग म्हणून वापरली जाते. ती हवा किती लिटर हवी, हे त्या वूफरवरून ठरतं. जागा कमी पडली तर खर्ज घुमायला लागतो. बोटानं ठोकल्यावर येणारा ‘ठक’ फळीचा आहे. आत आडवे टेकू दिल्यानं फळी कडक होते आणि तिचा स्वतःचा सूर वर चढतो, म्हणून तो ‘ठक’ तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो. वूफरच्या खर्जाला ती साथ देत नाही ना, हे महत्त्वाचं. पैसे या हिशोबाचे, टेकूंचे, तासण्याचे आणि मोजमापाचे आहेत. खोका नुसता लाकडी असता तर आम्हीही तेवढेच घेतले असते.

जाळीबद्दलची सूचना यापुढे स्पीकरसोबत लेखी द्यायचं ठरवलंय, इतरही काही सुधारणा चालू आहेत.

तुम्हाला विनंती एवढीच, की स्पीकर कप्प्यातून बाहेर काढून जाळीशिवाय एकदा ऐका. चौकटी आमच्याकडे पाठवा, पहिलं कापड पुन्हा बसवून देतो, त्याचे पैसे नकोत. त्यानंतरही आवाज दबलेलाच वाटला तर आम्ही स्पीकर परत आणून तपासू, आणि तुम्ही तसं इथे जरूर लिहा. पण ‘खोकाच चुकीचा बनवलाय’ हे वाक्य तोवर बदलता आलं तर बघा. आमच्याकडे नव्यानं येणारी माणसं फोन करायच्या आधी हेच वाचतात.