हा ‘म’ आहे की ‘स’?

आज सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पावणेपाचपर्यंत मी आणि माझी भाची एका सरकारी ऑफिसच्या बाकावर बसून होतो. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिची फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे. ज्यांच्या घरात जमातीचा दाखला आणि मग त्या दाखल्याचा दाखला, म्हणजे ‘वैधता’, काढायची पाळी आलीय, त्यांना कळलं असेलच. बाकीच्यांनी सुखात राहा.

पावणेपाचला नंबर लागला. साहेबांनी माझ्या आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स उचलली, चष्मा कपाळावर चढवला, कागद ट्यूबलाइटसमोर धरला आणि विचारलं, “हा म आहे की स?”

नोंद १९४४ सालची. जातीच्या रकान्यात मास्तरांनी टाकानं लिहिलंय, ‘म. कोळी’. त्या ‘म’वर कधीतरी पाणी पडलंय, शाई फुटलीय. म महादेवचा. महादेव कोळी, आमची आदिवासी जमात. आता तो स निघाला तर आम्ही कोण, सोनकोळी, समुद्रावर मासे मारणारे, आदिवासींच्या यादीत नसलेले? कळसूबाईच्या पायथ्याला? मी गप्प बसले, कारण मला गप्प बसायची सवय आहे. पोरगी अठराची, तिला नाही. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं समुद्र नाही.”

साहेब हसले नाहीत. गुरुवारी मूळ रजिस्टर घेऊन हेडमास्तरांना हजर करा, म्हणाले.

ही धावपळ कशासाठी, तर तिला सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची सीट लागलीय. घरातली पहिली इंजिनीअर होईल. प्रवेश मिळालाय तो दाखले पडताळणाऱ्या समितीकडं अर्ज केल्याच्या पावतीवर. मुदतीत वैधता आली नाही की सीट गेली. मुदतवाढ मिळेल, दरवर्षी मिळते, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांची सीट पणाला लागलेली नसते.

आणि गंमत म्हणजे वैधता माझ्याकडं आहे! मी तिची सख्खी आत्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असली की पोराला पुन्हा पहिल्यापासून पिदवायचं नाही, असं मुंबई हायकोर्टानं २०१० साली सांगितलंय. निकालाची प्रत पिशवीत होती, काढून दाखवली. साहेब म्हणाले, मॅडम तुमची वैधता जुनी आहे, तेव्हा चौकशी नीट झाली होती का ते आधी बघावं लागेल. (बघायची मुभा त्यांना आहे. मान्य.) मग बघा की! तर माझी फाइल सापडत नाहीये.

माझी चौकशी नीट झाली होती का? मी सांगते ना.

१९९८ चा पावसाळा. माझी बारावी झाली होती. वाडीपर्यंत तेव्हा डांबरी रस्ता नव्हता. समितीसाठी घरी येऊन चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाची जीप ओढ्याच्या अलीकडं थांबली आणि दोन माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून चालत आली. एक पोलीस खात्यातला, एक संशोधन अधिकारी. आवणी चालू होती. आजी खाचरातून वर आली ती पोटऱ्यांपर्यंत चिखलात, डोक्यावर इरलं, हातात भाताच्या रोपांची मूठ. ती मूठ तिनं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

अधिकाऱ्यानं पॅड काढलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “आजी, तुम्ही महादेव कोळी कशावरून?”

आजीनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. “म्हंजी? मंग दुसरं कोण हाय आम्ही?”

त्यानं काहीतरी लिहिलं. मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आजीच्या पायांच्या चिखलाची लाज वाटत होती. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आता लगेच कमेंटीत सुरू व्हाल, म्हणून आधीच सांगते. पडताळणी नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. हवी. कडक हवी. बोगसांनी आमच्या ताटातलं किती खाल्लंय ते मला शिकवू नका. राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी ९.३५ टक्के, ही २०११ ची जनगणना. राखीव जागा ७ टक्के. त्या सातातही ज्याच्या आडनावाला किंवा जातीला आमच्या नावाचा वास येतो तो घुसणार. कोळी आहे ना, मग लाव पुढं महादेव. १९९४ चा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल, ज्यातून समित्यांची आणि दक्षता पथकांची आजची घडी बसली, तो खटलाच मुळी महादेव कोळी असल्याच्या दाव्याचा होता. दोघी बहिणी, डॉक्टरकीच्या जागा, आणि जुन्या नोंदींत हिंदू कोळी. दावा खोटा ठरला, पण मोठी शेवटच्या वर्षाला पोचली होती म्हणून तिला पदवी पुरी करू दिली. कोर्टाला दया आली. येऊ दे. त्या वर्षी त्या जागेवर बसू न शकलेली पोरगी कुठल्या वाडीवर आवणी करत होती, ते कोणत्या निकालात लिहिलंय?

माझ्याच बॅचला एक होती. जमात कागदावर आमचीच. पहिल्या आठवड्यात मी आनंदानं तिच्याशी आमच्या बोलीत बोलायला गेले, तर म्हणाली, “तुम्ही लोक किती गावठी बोलता गं!” तुम्ही लोक. तिची वैधता माझ्या आधी आली.

२०१७ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी, पदवी, काहीच वाचवता येणार नाही. आम्ही पेढे वाटले. २०१९ च्या डिसेंबरात सरकारनं जीआर काढला आणि ज्यांचे दावे बाद झाले त्यांना अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदांवर घेतलं. ११ महिन्यांसाठी म्हणे. खुर्ची तीच, पंखा तोच. आणि इकडं माझ्या भाचीला विचारतात, म आहे की स.

परत आजीकडं येते.

चौकशी येणार म्हणून आठ दिवस आधी वडिलांना बाजारात एका नातेवाइकानं झेरॉक्स दिली होती. चार पानं, डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तरं. कुलदैवत कोणतं, लग्नात काय काय करतात, पाचवीला काय, मयत झालं की काय. कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून काढलेलं, तीनचार तालुके फिरून आलेलं. मी त्या पानांवरून रोज रात्री चिमणीच्या उजेडात आजीची घोकंपट्टी घेतली. विचार करा. जन्मभर जी बाई वरसूबाईला आणि कळसूबाईला हात जोडत आली, तिला मी झेरॉक्सवरून शिकवत होते महादेव कोळी कसं असायचं ते. ती हूं हूं करायची आणि झोपी जायची.

आणि त्या दिवशी तिनं त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. वाघबारशीला काय करता, असं विचारल्यावर तिनं गोष्ट लावली. कुठल्याशा वर्षी बिबट्यानं आमची कालवड नेली होती. आजोबा इतके संतापले की यंदा वाघोबाला नारळ नाही म्हणाले. आणि बारशीच्या दिवशी सगळी वाडी वाघोबाला गेल्यावर म्हातारा एकटाच मागून कसा गेला, लपून नारळ कसा ठेवून आला. हे सगळं हातवारे करून, रोपांची मूठ हलवत. अर्धा तास. पावसाची भुरभुर चालू. अधिकाऱ्यानं एक ओळ लिहिली. दोन वर्षांनी अहवालाची प्रत मिळाली तेव्हा ती ओळ मी वाचली. ‘अर्जदाराची आजी प्रश्नांची समर्पक उत्तरे देऊ शकली नाही.’

समर्पक!

झेरॉक्स ज्यानं पाठ केली तो समर्पक. ती पानं आजही फिरतात, आता व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आहे. बोगस माणूस ती आधी पाठ करतो, कारण त्याला माहितीय की त्याला काही माहीत नाही. माझ्या आजीला पाठ करायचं कारणच काय?

मला वैधता मिळाली ती २००० साली, आणि कशावर? आजोबांच्या शाळेच्या त्याच नोंदीवर. त्याच ‘म’वर. २००० साली तो म होता हो.

सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच म्हटलंय की शिक्षण, स्थलांतर, शहर यांनी चालीरीती बदलतात, तेव्हा चालीरीती विचारून जमात ओळखायच्या या अॅफिनिटी टेस्टवरच सगळी भिस्त ठेवू नका. २०२३ च्या मार्चमध्ये तर सरळ सांगितलं, ही काही लिटमस चाचणी नाही. आणि आज संध्याकाळी, २०२३ होऊन गेल्यावर, साहेबांनी माझ्या भाचीला विचारलं, “पाचवीला तुमच्यात काय करतात?” ती जन्मली संगमनेरच्या दवाखान्यात, वाढली भोसरीत. तिनं सांगितलं, “केक नसतो एवढं नक्की.” मी तिच्या पायावर पाय दिला.

ती मुद्दाम उर्मट नाही. तिला खरंच माहीत नाही, आणि तो दोष तिचा नाही, माझा आहे, तिच्या बापाचा आहे. बोहाड्याचे, म्हणजे आमच्या देवांच्या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे तिनं पहिल्यांदा पाहिले ते पुण्यात, क्वीन्स गार्डनच्या आदिवासी संग्रहालयात, काचेच्या आड. मीच नेलं होतं. शिकलो म्हणून वाडी सोडली, वाडी सोडली म्हणून रीती सुटल्या, आता रीती सुटल्या म्हणून शिकायची सीट धोक्यात. म्हणजे आदिवासी असल्याची खात्री पटवायला आम्ही खाचरातच राहायला हवं होतं का? आणि खाचरात राहिलेल्या आजीचं तरी कुठं पटलं!

कॅनडात असलेल्या मैत्रिणीला दुपारी बाकावरून मेसेज केला होता, तिनं तिकडचं लिहिलं. तिकडं विद्यापीठं वर्षानुवर्षं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची, मी मूळनिवासी आहे म्हटलं की झालं. मग २०२१ मध्ये सस्कॅचेवान विद्यापीठातल्या एका नावाजलेल्या प्राध्यापिकेच्या वंशावळीचं प्रकरण बाहेर आलं आणि २०२२ मध्ये विद्यापीठानं नवं धोरण आणलं. आता तोंडी दावा चालत नाही, कागद लागतो. पण ते धोरण मूळनिवासी समाजांना बरोबर घेऊन ठरवलं, आणि हा आमचा, हा आमचा नाही, हे ज्याचं त्याचं नेशन, म्हणजे जमात, सांगतं. तिथंही सगळं आलबेल नाही म्हणे, जुन्या कायद्यानं बाहेरच्याशी लग्न केलेल्या बायकांची नावंच यादीतून उडवली होती, ती १९८५ पासून परत यायला लागली. ठीक आहे. पण निदान कुणाला विचारायचं हे तरी त्यांना कळलं.

आमच्याकडं का नाही विचारत? आजोबांच्या भावकीतले सात म्हातारे अजून वाडीवर आहेत. मंदिराच्या ओट्यावर बसवा, माझ्या भाचीचं नाव घ्या, पाच पिढ्या तोंडपाठ सांगतील, कोणाची सोयरीक कुठं झाली, कोणाला कुठल्या गावाहून आणलं. आणि त्या माझ्या बॅचच्या मुलीचं नाव घ्या, एकजण ओळखेल तर शपथ. ग्रामसभेत भांडणं असतात, बांधाच्या वादातून उद्या कुणी कुणाला नाकारेल, हे कळतं मला, मीही भावकीतच वाढलेय. पण आठवीतल्या पोराला दाखला काढून देतानाच हे का होत नाही? १९५० च्या ६ सप्टेंबरच्या, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या दिवसाच्या, आधीचा कागद आणा म्हणता. कोणाचा? ज्यांना शाळा नव्हती त्यांचा? आमच्या आजोबांना राजूरला मामाकडं ठेवलं म्हणून ते दुसरीपर्यंत शिकले आणि हा एक ‘म’ आमच्या नशिबी आला. त्यांच्या सख्ख्या भावाला गुरं राखायला ठेवलं. त्याच्या नातवांकडं स सुद्धा नाही.

कातकऱ्यांचं तर बोलूच नका.

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

त्या साहेबांवर वरती जरा जास्तच घसरले. खरं सांगायचं तर त्यांच्या टेबलावर दोरीनं बांधलेले फाइलींचे तीन गठ्ठे होते, शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि पावणेपाचला त्यांचा डबा न उघडता तसाच कोपऱ्यात होता. निघताना ते हळूच म्हणाले, “मलाही वाटतंय म आहे. पण मला वाटून चालत नाही.” भाची जिन्यात म्हणाली, “आत्या, माणूस वाईट नाही गं.” मला उलट त्याचाच जास्त राग आला. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

रात्री जेवताना तिनं विचारलं, पाचवीला खरंच काय करतात आपल्यात? मला अर्धवटच आठवलं. आईला फोन लावला, वाडीवर रेंज नाही. आजी असती तर तिनं पाचवीचं सोडून भलतंच काहीतरी सांगितलं असतं, कालवडीचं.

उद्या पहाटेच्या गाडीनं मी राजूरला जातेय. हेडमास्तरांशी बोलणं झालंय, रजिस्टर घेऊन ते स्वतः यायला तयार आहेत, देव त्यांचं भलं करो. पणजोबांच्या मृत्यूची कोतवाल बुकातली नक्कलही मिळतेय, १९३० च्या सुमाराची, त्यात जात पूर्ण लिहिलेली असावी असं तलाठी म्हणतात. पण ती मोडीत आहे. कुणाच्या ओळखीत मोडी वाचून सही-शिक्क्यानिशी लिप्यंतर करून देणारं कोणी असेल तर मला इनबॉक्स करा, बुधवारी संध्याकाळपर्यंत हवंय. पैसे घेणारा बघा. आपला माणूस म्हणून फुकट करणारा नको, तो गुरुवारच्या आत देत नाही.